वाफसा

झाडांतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चौतीस वर्षं बँकेत काढली आणि त्या नोकरीच्या आडोशानं कादंबऱ्या लिहिल्या. माझ्या कादंबऱ्यांतली माणसं झाडाखाली बसतात, झाडाला टेकून रडतात. पण ते झाड कसलं, याचा उल्लेख मी नेहमी शिताफीनं टाळत आलो. एकदा एका चोखंदळ वाचकानं पोस्टकार्ड टाकून विचारलं होतं की, तुमच्या नायिकेच्या परसात वैशाखात आणि पौषात सारखंच फुललेलं ते झाड नेमकं कोणतं? त्या पत्राला मी आजतागायत उत्तर दिलेलं नाही. आमच्या घरातली झाडं बायकोची. गॅलरीतली तुळस, एक मोगरा, कढीपत्त्याचं एक हट्टी रोप आणि न्हाणीघराच्या खिडकीत बाटलीभर पाण्यात वर्षानुवर्षं लोंबणारा मनी प्लांट. यांतल्या कशालाही मी कधी हात लावला नाही आणि म्हणूनच ती जिवंत आहेत, असं घरातलं मत आहे.

2024 च्या जूनमध्ये आमच्या मुलीची पुण्याहून बंगळूरला बदली झाली. सामानाची खोकी गेली, दोन सुटकेसी गेल्या आणि कशातच न बसलेली एक कुंडी मागे राहिली. पांढरीशुभ्र, चकचकीत, चिनी मातीची. ऑफिसात कुणीतरी बढतीबद्दल भेट दिलेली. तीत वीतभर उंचीचं एक गुटगुटीत रोप होतं. खोड करंगळीएवढं, पानं जाड, गोलसर, तुकतुकीत. बोटानं दाबून बघावीशी वाटणारी. "बाबा, हा जेड प्लांट. याला मनी ट्रीही म्हणतात. तुम्ही सांभाळा. फार काही करावं लागत नाही त्याला," असं म्हणून ती गेली.

त्यातला 'मनी' तेवढा मी ऐकला. बँकेतल्या माणसाला तो शब्द आधी ऐकू येतो. न्हाणीघरातला मनी प्लांट नुसत्या पाण्यावर ठणठणीत आहे, तेव्हा हाही त्याच भाऊबंदकीतला असणार, असा हिशेब मी मांडला. तो साफ चुकीचा होता. मनी प्लांट हा दमट जंगलातला वेल. हा जेड मूळचा दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या खडकाळ उतारांवरचा. पाऊस येईल तेव्हा येईल, तोवरची बेगमी पानांत आणि खोडात भरून ठेवायची, असा त्याचा संसार. त्याची पानं गुटगुटीत दिसतात ती त्यामुळेच. पण हे मला कुणी सांगायला हवं होतं, आणि सांगितलं तर मी ऐकायला हवं होतं.

रोज सकाळी चहा झाला की पेलाभर पाणी मी त्या कुंडीत घालू लागलो. रात्री नऊच्या सुमाराला मुलीचा फोन यायचा. जेवलीस का, जेवले. घर कसं आहे, बरं आहे. पाऊस आहे का, आहे. एवढ्यात तो संपायचा. फोन ठेवला की माझे पाय आपसूक त्या कुंडीकडे वळायचे आणि मी आणखी थोडं पाणी घालायचो. हे पाणी झाडासाठी नव्हतं, हे आज कळतं. त्या वेळी मात्र आपण केवढी काळजी घेतो आहोत, असं वाटून मला बरं झोपायला मिळायचं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं पान गळलं. मग रोज एक, मग तीन-तीन. उरलेली मलूल झाली, त्यांवर सुरकुत्या आल्या. बाहेर पावसाची झड आणि माझ्या टेबलावर सुकत चाललेलं झाड! सुरकुतलेलं पान म्हणजे तहान, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी एकाचे दोन पेले केले.

शेवटी कुंडी पिशवीत घालून रिक्षानं नर्सरीत नेली. तिथल्या माळ्यानं खोड बुडाशी दोन बोटांत धरून दाबलं, कुंडी तिरपी केली. वरच्या काठावरून गढूळ पाण्याची धार त्याच्या चपलेवर पडली. वरूनच पडली, कारण कुंडीला खाली भोकच नव्हतं. तो म्हणाला, "काका, हे बुडालंय."

"अरे, बुडालंय कुठं? सुकतंय की!"

"बुडालंय म्हणूनच सुकतंय."

हे वाक्य मी त्या दिवसापासून वागवतो आहे. त्यात चमत्कार काही नाही, सरळ शरीरशास्त्र आहे. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मूळ हा जिवंत अवयव आहे, तो श्वास घेतो. मातीच्या कणांमधल्या मोकळ्या जागा सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की हवेला तिथं शिरकाव नसतो. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट मंद गतीनं झिरपतो. मुळं गुदमरतात, मरतात. मेलेल्या मुळांवर बुरशी तुटून पडते. आणि मेलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं असतं आणि तहानेनं मरत असतं. वरून बघणाऱ्याला फक्त तहान दिसते. तो आणखी पाणी घालतो.

फरक ओळखता येतो, म्हणे. तहानलेल्या जेडचं पान सुरकुततं, पातळ होतं, पण चिवट राहतं आणि देठाला घट्ट असतं. बुडालेल्याचं पान पिवळट, काचेसारखं पारदर्शक, पिचपिचीत होतं आणि धक्का लागला तरी गळतं. माझी पानं दुसऱ्या जातीची होती. पण मी पानाला बोट लावलंच कुठं होतं? मी पेला भरत होतो.

माळ्यानं रोप उपसून वर्तमानपत्रावर ठेवलं. गटाराचा यावा तसा वास आला. मुळांभोवती नारळाच्या भुशाचा एक घट्ट गोळा होता, पाण्यानं टम्म फुगलेला. रोपं वाढवताना नर्सऱ्या भुसा वापरतात. तो हलका आणि स्वस्त असतो, पण पाणी धरून ठेवतो. गोळा फोडला तेव्हा आतल्या मुळांची साल भिजलेल्या कागदासारखी हातात आली. पांढरं, टणक म्हणावं असं एकही मूळ उरलं नव्हतं. "नवीन घेऊन जा काका, दीडशे रुपयांत देतो," तो म्हणाला. प्रामाणिक माणूस, धंद्याचंही पाहिलं आणि खरंही सांगितलं. मी मात्र ते मेलेलं रोप तसंच कागदात गुंडाळून घरी आणलं.

येताना रिक्षात मला एक म्हातारे गृहस्थ आठवले, आणि 'वाफसा' हा शब्द.

1988 साली मी कृष्णाकाठच्या एका लहान शाखेत नवखा अधिकारी होतो. पीककर्ज दिलं की त्याचा विनियोग झाला का, हे शेतावर जाऊन पाहायचं असे. जूनच्या अखेरीला, चांगले दोन पाऊस होऊन गेल्यावर, एका शेतकऱ्याच्या बांधावर मी जाऊन उभा राहिलो. बियाणं घरात, खत घरात आणि रान मोकळं. पेरणी नाही, असा शेरा मारायला मी पेन काढलं. सगळं गाव ज्यांना आबा म्हणायचं ते वाकले, मूठभर माती उचलून त्यांनी दाबली आणि हात उघडून मातीचा मुटका खाली टाकला. तो तसाच्या तसा, अख्खा पडला. "ह्यो फुटाय पायजे सायब. अजून घात न्हाई रानाला. चार रोज थांबा."

घात म्हणजेच वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जास्तीचं पाणी मुरून जातं, मातीच्या मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते आणि बारीक पोकळ्यांत ओल राहते, ती अवस्था. आपल्या भाषेत एवढ्या नेमक्या गोष्टीला एक शब्द आहे याचा मला, भाषेवर पोट भरू पाहणाऱ्या माणसाला, पत्ताच नव्हता. पाऊस पडला की पेरायचं, असं शहरातल्या माणसाला वाटतं. शेतकरी पाऊस पडल्यावर थांबतो. चार दिवसांनी आबांनी पेरलं.

त्याच शिवारात मी दुसरंही पाहिलं. नदीवरून उपसा योजनांनी पाणी आलं, ऊस आला आणि पाळी आली की रान तुंबेपर्यंत पाणी सोडायची सवय आली. काळी भारी जमीन. तिच्यात निचरा मुळात कमी. पाण्याची पातळी खालून वर चढत गेली, सोबत क्षार घेऊन आली आणि जमिनीवर मीठ फुटावं तसा पांढरा थर दिसू लागला. सांगली-कोल्हापूरकडे अशी क्षारपड झालेली जमीन हजारो हेक्टरांत मोजतात. ज्यांच्याकडे पाणी पोचलं नाही त्यांची जमीन नापीक झालेली नाही. ज्यांच्याकडे भरपूर पोचलं त्यांची झाली. ती परत आणायला आता जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून पाणी बाहेर काढावं लागतं. खर्चाचं काम, आणि वर्षांचं.

हे सगळं पाहूनही मी शहाणा झालो नाही. कारण पुढची गोष्ट त्यानंतरची आहे.

1996 मध्ये कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या शाखेचा मी व्यवस्थापक होतो. तिथं एक तरुण कारखानदार आमचा खातेदार होता. पंपांना लागणारे बिडाचे भाग ओतायचा. शिकलेला, नम्र, कामगारांना वेळेवर पगार देणारा. वडिलांनी आयुष्यभराच्या पगारातून बांधलेलं घर त्यानं कर्जासाठी तारण दिलेलं. एके दिवशी तो आला आणि म्हणाला, खेळतं भांडवल कमी पडतंय. ऑर्डरी आहेत, कच्चा माल घ्यायला पैसे नाहीत. मी तीन महिन्यांसाठी वाढीव मर्यादा दिली. तीन महिन्यांनी तो पुन्हा आला. मी तिचं रूपांतर मुदत कर्जात करून दिलं आणि वर नवी मर्यादा मंजूर करून घेतली. वरिष्ठांना पटवण्याचं काम माझ्या लेखणीनं चोख केलं. तो माझ्या टेबलासमोर हात जोडून उठायचा तेव्हा मला कसं वाटायचं, हे मी लपवणार नाही. फार छान वाटायचं.

दर महिन्याचं साठापत्रक यायचं. त्यात साठा वाढत होता. साठा वाढला की त्यावर आणखी उचल मिळते, हा बँकेचा नियम. मी आकडे पाहिले आणि साठा पाहायला गेलो नाही. शाखेत माणसं कमी, मार्च जवळ, ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही.

पुढल्या वर्षी गेलो. भट्टी थंड होती. शेडच्या मागं, उघड्यावर, परत आलेल्या मालाचा ढीग पावसात गंजत होता. ओतीव कामात पोकळ्या राहत होत्या आणि मोठं गिऱ्हाईक माल नाकारत होतं. साठापत्रकातला 'वाढता साठा' तो हाच. त्याच्याकडे पैसे कमी नव्हते, दोष भट्टीत आणि साच्यांत होता. आधी थांबून तो शोधायचा, हाताबाहेर गेलेली दुसरी भट्टी विकून धंदा निम्मा करायचा, हे त्या वेळी शक्य होतं. मी त्याला थांबू दिलं नाही. प्रत्येक वेळी पैसे दिले, त्या पैशांतून जुन्या पैशांचं व्याज भरलं गेलं आणि खातं कागदावर हिरवंगार राहिलं. बँकांच्या भाषेत याला 'एव्हरग्रीनिंग' म्हणतात. ज्यानं हा शब्द काढला त्यानं कुंडी पाळली होती की नाही, कोण जाणे. थकबाकीला त्या काळी आजच्या 90 दिवसांऐवजी दोन तिमाह्यांची सवड असे. आम्ही ती सवड शेवटच्या दिवसापर्यंत वापरली.

कारखाना बंद पडला. माझी बदली झाली होती. 2002 मध्ये तारण मालमत्ता थेट ताब्यात घेण्याचा कायदा आला आणि त्यानंतर वर्षभरात त्या वडिलांचं घर विकलं गेलं. माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्यानं फोनवर सहज सांगितलं. खूप वर्षांनी तो मला कोल्हापूरच्या स्टँडवर भेटला. दुसऱ्याच्या कारखान्यात देखरेखीला होता. चहा त्यानंच पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. मी चाचरत काहीतरी बोललो, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तुम्ही तेव्हा नाही म्हणाला असता तर मी तुम्हाला जन्मभर शिव्या दिल्या असत्या." मग त्याची एस.टी. लागली.

माझं म्हणणं आहे ते इथं. आपल्याकडे देण्याला मान आहे, आणि तो असावाही. वाटसरूला पाणी देणाऱ्या समाजात मी वाढलो, मला त्याचा अभिमान आहे. पण दिलेलं कुठं जातं, मुरतं का तुंबतं, हे पाहण्याला आपल्याकडे काही नावच नाही. बँकेच्या मार्चअखेरच्या तक्त्यात 'वाटप' नावाचा रकाना होता, 'निचरा' नावाचा नव्हता. योजनांच्या जाहिरातींत किती दिलं ते मोठ्या अक्षरांत असतं. नर्सरीत जाऊन एखाद्या रोपाला पाणी किती, असं विचारा. पेल्याचं किंवा दिवसाचं माप मिळेल. "आधी मातीत बोट घाल आणि मग ठरव" असं सांगणारा विरळा. भेटवस्तूंच्या दुकानांत तर खाली भोक नसलेल्या कुंड्या सर्रास विकतात, कारण भोक असलं की टेबल खराब होतं. झाडाचं काय होतं ते विकणाऱ्याला बघायचं नसतं.

याचा अर्थ हात आखडता घ्या, असा कुणी काढू नये. पाणी न मिळालेला जेडही मरतो, फक्त सावकाश मरतो. आमच्या धंद्यात तर 'नाही' म्हणणं हे कष्ट टाळण्याचं उत्तम साधन आहे. आयुष्यभर नाही म्हणून निष्कलंक निवृत्त झालेले अधिकारी मी पाहिलेत. त्यांनीही कधी शेडच्या मागं जाऊन पाहिलं नाही. दोघांचं दुखणं एकच.

असो. रोपाचं काय झालं ते सांगतो.

दाढीचं पातं स्पिरिटनं पुसून घेतलं आणि खोड खालून चकत्या-चकत्यांनी कापत गेलो. बुडाचा भाग काळपट, आत तपकिरी वर्तुळ. प्रत्येक कापाला पातं पुन्हा पुसायचं. पाच चकत्यांनंतर आतला गर स्वच्छ, हिरवा दिसला. वीतभर झाडाचे शेंड्याकडचे बोटभर तीन तुकडे हाती उरले. ते पुस्तकांच्या कपाटावर सावलीत, कागदावर नुसते ठेवायचे होते. माती नाही, पाणी नाही. कापलेली जागा वाळून तिच्यावर खपली धरली पाहिजे. ओली जखम मातीत खोचली की पुन्हा कुजते. हे आठ दिवस मला जड गेले. रोज सकाळी चहा झाला की हात रिकामा वाटायचा. "अहो, मेलेल्या काड्यांची काय पूजा मांडलीय?" बायको विचारायची.

या काळात वाचनात आलेली एक गंमत सांगायला हवी. जेडच्या कुळातली झाडं पानांवरची छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. दिवसा उघडली तर साठवलेलं पाणी उडून जाईल. रात्री घेतलेला कार्बन वायू ती आम्लाच्या रूपात साठवतात, म्हणून त्यांचं पान सकाळी आंबट लागतं आणि दिवस चढेल तसा आंबटपणा उतरतो. ही गोष्ट आपल्याच देशात टिपली गेली. मद्रासकडे कंपनीच्या नोकरीत असलेल्या बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं पानफुटीची पानं वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली आणि त्याचं ते निरीक्षण 1815 मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या लहानपणी पुस्तकात जपून ठेवायचो तीच पानफुटी. दिवसातून तीनदा एका झाडाचं पान चाखायचं, आणि तेही त्याला काहीही न देता!

आठ दिवसांनी चार इंची साध्या मातीच्या तीन कुंड्या आणल्या, खाली भोक असलेल्या. भोकावर खापराचा तुकडा. एक भाग माती आणि दोन भाग जाड वाळू नि विटेचे बारीक तुकडे, असं मिश्रण. मातीची कुंडी अंगानंही पाणी सोडते, हा तिचा गुण. तुकडे खोचले आणि पुढचा आठवडाही पाणी दिलं नाही. मग थोडं दिलं, ते खालून निथळून जाऊ दिलं, आणि पुन्हा थांबलो. एक तुकडा सप्टेंबरच्या अखेरीला बुडाशी काळा पडून आडवा झाला. उरलेल्या दोघांना महिन्याभरानं हलकेच ओढून पाहिलं, तर खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटलं. मी लगेच हात काढून घेतला.

मुलीला तोवर काही सांगितलं नव्हतं. "जेड कसाय?" "आहे." दिवाळीत ती आली, पांढऱ्या कुंडीत बायकोनं खोचलेले रांगोळीचे डबे तिनं पाहिले, मग खिडकीतल्या त्या दोन बुटक्या काड्या पाहिल्या आणि काही बोलली नाही. जाताना त्यातली एक कुंडी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेली. फेब्रुवारीत माझ्याकडच्या काडीला शेंड्यावर नखाएवढी दोन पानं फुटली. तिच्याकडचीला जानेवारीतच फुटली होती, असं तिचं म्हणणं.

आता फोन रोज येत नाही. रविवारी येतो, कधी बुधवारीही. कुंडीत मी एक उदबत्तीची काडी खोचून ठेवली आहे. ती उपसून पाहायची; ओली आली, माती चिकटून आली, तर पुन्हा खोचायची. कालच्या रात्री फोन झाल्यावर ती उपसली. टोकाला मातीचे कण होते. पेला भरलेलाच होता, तो मी पिऊन टाकला.